बारा महिने, बारा भाडी

टेपबाईंच्या हातून आजवर एकही कपडा अगदी मापाला कापला गेलेला नाही. गिऱ्हाईक कितीही बजावू दे, अंगाला चपखल बसलं पाहिजे, सुरकुती दिसता कामा नये. त्या मान डोलावतात, खडूने रेघ मारतात आणि कात्री त्या रेघेच्या चांगली इंचभर बाहेरून चालवतात. ते जास्तीचं कापड शिवणीच्या आत दुमडून जातं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती कुणाला दिसत नाही. पण सहा महिन्यांनी शाळेचा शर्ट काखेत रुतायला लागला की आया पोरांना घेऊन दुकानात येतात, टेपबाई शिवण उसवतात, आतली माया बाहेर काढतात आणि त्याच शर्टात पोराचं आणखी एक वर्ष निघतं. एकदा एका कापडदुकानदाराने त्यांना हिशेब करून दाखवला होता, की ही सवय सोडली तर दर वीस शर्टांमागे एका शर्टाचं कापड वाचेल. टेपबाईंनी त्याला विचारलं, "आणि माणसं वाढायची थांबणार आहेत का?"

गळ्यातली टेप त्या फक्त अंघोळीपुरती काढतात असं गल्ली म्हणते, म्हणून त्या टेपबाई. खरं नाव बँकेच्या कागदांवर आहे.

तर अशा बाईने आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी अर्ध्या इंचाचीही माया न सोडता केली. हे आठवलं की अजूनही त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आधी भाच्यावर, मग बँकेवर, मग स्वतःवर. क्रम कधीकधी बदलतो, आग तेवढीच असते.

त्यांचं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा एक गाळा. नवरा गेला तेव्हा तो भाड्याचा होता. पुढच्या सोळा वर्षांत पोटाला चिमटे काढून त्यांनी तो विकत घेतला. आत दोन मशिनं. एक साधं, कपड्यांचं. दुसरं जड, जाड कापडाचं, ज्यावर त्या शाळेची दप्तरं आणि गाड्यांची आच्छादनं शिवत. मूलबाळ नाही. अठ्ठावन्न वय झालं आणि सुईत दोरा ओवताना दोन-दोनदा नेम चुकायला लागला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. डोळे गेले की हात काय कामाचे. हे त्यांनी धाकट्या बहिणीजवळ बोलून दाखवलं आणि चार दिवसांत बहिणीचा मुलगा दुकानात हजर झाला.

भाचा एका इमारती बांधणाऱ्या कंपनीत फ्लॅट विकायचं काम करायचा. बोलायला गोड. लहानपणी याच गाळ्यात कापडांच्या ढिगावर झोपलेला, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायला टेपबाईंना वेगळं काही करावं लागलं नाही. त्याने कापायच्या टेबलावर एक गुळगुळीत कागद पसरला. कागदावर हिरव्या रंगाचे बारा चौकोन होते, एकेका महिन्याचा एकेक, आणि प्रत्येकात पंधरा हजार भाडं.

"मावशी, बघ. वर्षाचं भाडं एक लाख ऐंशी हजार. बँकेचा हप्ता साडेबारा, इमारतीचा देखभाल खर्च दोन. म्हणजे वर्षाला एक लाख चौऱ्याहत्तर. सगळं जाऊन सहा हजार तुझ्या हातात, आणि फ्लॅट आपोआप तुझा होतोय. कर्ज संपलं की पंधराच्या पंधरा हजार तुझे. डोळे असोत नसोत."

"आणि एक भाडेकरू गेला, दुसरा आलाच नाही, तर?"

"रांग लागलेली असते गं मावशी. तू काळजीच करू नकोस."

आता ज्या बाईने छातीचं माप तीनदा घेतल्याशिवाय कधी कात्रीला हात लावला नाही, तिने या एका वाक्यावर गप्प बसावं का? बसल्या. आपल्या माणसाला खोदून काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. बँकेने कर्जासाठी काही तारण मागितलं, त्यांनी गाळा लिहून दिला. बँकेतल्या साहेबांच्या टेबलावरही तोच कागद होता, तेच बारा चौकोन. त्या साहेबांनी आयुष्यात हजारो कर्जं पाहिली असतील, कितीतरी रिकामी घरं पाहिली असतील, पण तेही एका शब्दाने बोलले नाहीत. सही करायची जागा मात्र त्यांनी पेन्सिलीने फुली मारून अगत्याने दाखवली.

पहिला भाडेकरू अकरा महिने राहिला. त्या अकरा महिन्यांत टेपबाई ओळखीच्यांना भाच्याचं कौतुक सांगत होत्या. मग त्या माणसाची बदली झाली, तो सामान घेऊन गेला आणि फ्लॅट रिकामा झाला.

रिकाम्या घराचाही खर्च असतो हे त्यांना तेव्हा कळलं. हप्ता ठरल्या तारखेला जायचाच. देखभाल खर्च जायचाच. कोणी दिवा लावला नाही तरी विजेचं बिल यायचंच. दर रविवारी दोन बस बदलून त्या तिथे जायच्या, तिसरा मजला चढायच्या, कुलूप काढायच्या. मोरीतलं पाणी सुकलं की जाळीतून वास येतो, म्हणून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायच्या. खिडक्या उघडायच्या, धूळ पुसायच्या. भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या पलंगाची घासलेली रेघ होती, ती ओल्या फडक्याने पुसून पाहायच्या. मग खाली बसून डबा खायच्या. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारख्या बसलोय, आणि वर त्याचे पैसे भरतोय, या विचाराने घास उतरायचा नाही.

आता भाच्याची रांग कुठे गेली म्हणून विचाराल, तर रांगेतला पहिला माणूस दुसऱ्या महिन्यात आला. दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारा, बायको आणि एक मुलगी असा शांत संसार. घर आवडलं. तेरा हजार देतो म्हणाला. टेपबाईंच्या मनात द्यायचं होतं. पण कागदावर पंधरा लिहिलेले. पंधरातून साडेचौदा गेले की पाचशे उरतात. तेरातून काय उरणार? त्या गणितात दोन हजारांनी वाकायला जागाच नव्हती. त्यांनी भाच्याला फोन केला.

"अजिबात देऊ नकोस," तो म्हणाला. "तू तेराला दिलास की अख्ख्या इमारतीचा रेट पडतो. थांब जरा."

त्या थांबल्या. तो माणूस आठवडाभर वाट बघून दुसरीकडे गेला. वर्षाचे चोवीस हजार वाचवायला म्हणून थांबल्या आणि पुढच्या दोनच महिन्यांत सव्वीस हजारांचं भाडं बुडालं. रेट पडायची चिंता नक्की कुणाला होती हेही त्यांना फार उशिरा कळलं. त्याच इमारतीत भाच्याचे अकरा फ्लॅट विकायचे राहिले होते, आणि त्या अकराही फ्लॅटांच्या कागदांवर पंधरा हजार छापलेले होते.

साठवलेल्या पैशातून तीन हप्ते गेले. चौथा चुकला, पाचवा चुकला. मग बँकेचं पत्र आलं. थकलेले दोन हप्ते, म्हणजे पंचवीस हजार, सोमवारपर्यंत भरले नाहीत तर तारण ठेवलेल्या गाळ्याबाबत पुढची कारवाई. पत्रापाठोपाठ गाळ्याची किंमत ठरवायला एक तरुण माणूस आला. बूट न काढता आत आला, भिंतींकडे पाहिलं, खिशातून पोलादी टेप काढली आणि म्हणाला, "बाई, हे टोक जरा तिकडे धरता का?"

टेपबाईंनी धरलं. दुसरं काय करणार होत्या? उभ्या जन्मात त्यांनी लोकांची मापं घेतली, आणि आज स्वतःचं दुकान बँकेच्या घशात जायचं होतं तर त्याचंही माप घ्यायला त्यांनीच टेपेचं टोक धरायचं. त्याने दोन्ही भिंती मोजल्या, जड मशीनचाही एक फोटो काढला. जाताना थँक्यू म्हणाला. बिचाऱ्याचं काम होतं ते, त्याच्यावर काय रागवायचं. पण तो गेल्यावर टेपबाईंनी शटर अर्धं ओढून घेतलं.

धाकट्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, असेल काहीतरी चूक. पण आपलं पोर आहे. चारचौघांत काही बोलू नकोस. त्याला यंदा कंपनीचं बक्षीस मिळतंय."

बक्षीस कशाचं, तर वर्षात सगळ्यात जास्त फ्लॅट विकल्याचं.

शुक्रवारी दुपारी भाचा स्वतःच आला. खांद्यावर कोट. त्याला नोकरी लागली तेव्हा टेपबाईंनीच शिवलेला. आता पोट सुटलं होतं आणि बटण लागत नव्हतं.

"मावशी, पुढच्या आठवड्यात समारंभ आहे. जरा सैल होईल का बघ ना."

टेपबाईंनी कोट उलटा केला, अस्तर बाजूला केलं आणि पाठीच्या शिवणीत ब्लेड घातलं. टराटरा शिवण उसवत गेली. आत दोन्ही बाजूंना एकेक इंच कापड जसंच्या तसं, नव्यासारखं. पाच वर्षांत त्याला उन्हाचा स्पर्श नव्हता.

"हे दिसतंय?" त्या म्हणाल्या. "तू तेव्हा काडीसारखा होतास. तरी दोन इंच सोडले होते. तुझ्यासाठी."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

"मग माझ्या कागदावर रिकामे महिने का नव्हते?"

भाच्याने नजर चुकवली नाही, हेच टेपबाईंना जास्त लागलं. तो अगदी सहज म्हणाला, "मावशी, ते कुणाच्याच कागदावर नसतात."

"का?"

"टाकले तर खाली तोटा दिसतो. मग घेणार कोण?"

"म्हणजे घर रिकामं पडतं हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत असतं. ज्यांना कळतं ते वर्षाला दीड-दोन महिने सोडूनच हिशेब करतात. भाडेकरू गेला की रंग काढा, दुरुस्ती करा, नवा शोधा. जातातच तेवढे."

"आणि ज्यांना कळत नाही, ते तुला विचारतात. मी विचारलं होतं."

भाचा खडूशी चाळा करत राहिला. टेपबाईंना ओरडावंसं वाटत होतं. एकीकडे हात मात्र आपल्या सवयीने नवी रेघ मारत होते, टाचण्या लावत होते. या हातांचाही त्यांना त्या क्षणी संताप आला. समोर उभ्या असलेल्याने आपल्याला उघडं पाडलं आणि हे त्याला झाकायला निघालेत.

"मावशी, ऐक," तो शेवटी म्हणाला. "उद्या एक सही होतेय. सही झाली की संध्याकाळीच मला आगाऊ कमिशन मिळतं. त्यातून तुझे दोन्ही हप्ते मी भरतो. सोमवारच्या आत. तुझा गाळा जाऊ देणार नाही मी."

हे तो मनापासून बोलला, आणि टेपबाईंना ते कळलंही. पोरगा दुष्ट नव्हता. त्यांनी मान डोलावली. कोट घेऊन उद्या मीच तुझ्या कचेरीत येते, असं सांगितलं.

शनिवारी सकाळी कोट पिशवीत घालून त्या तिथे गेल्या. काचेचं दार, गार हवा, मधल्या टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती, तिच्या गच्चीवर प्लास्टिकची झाडं. कोचावर एक म्हातारा आणि त्याची बायको अवघडून बसले होते. म्हातारा चाळीस वर्षं कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता, नुकताच निवृत्त झालेला. मिळालेली सगळी पुंजी घेऊन आला होता आणि बाकीच्यासाठी राहतं घर तारण ठेवणार होता. हे सगळं तो आल्या आल्या कुणालाही सांगत होता, टेपबाईंनाही सांगितलं. त्याच्या पँटीच्या तळाशी त्यांना एक फिकट रेघ दिसली. कधीतरी शिवण उसवून पँट लांब केलेली. कुणीतरी त्यातही माया सोडली होती.

टेबलावर तोच कागद होता. बारा हिरवे चौकोन. म्हाताऱ्याच्या हातात पेन.

"पण साहेब," त्याची बायको हळूच म्हणाली, "घर मध्येच रिकामं पडलं तर हो?"

"रांग लागलेली असते आजी," भाचा म्हणाला.

तेच शब्द, तोच आवाज. टेपबाई कोटाची पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसल्या. आणि मग भाच्याने त्यांच्याकडे हात केला.

"या बघा. या माझ्या सख्ख्या मावशी. यांनाही मीच फ्लॅट दिलाय, याच इमारतीत. घरच्या माणसाला कोणी फसवेल का? विचारा त्यांनाच."

म्हाताऱ्याने टेपबाईंकडे पाहिलं. त्याच्या बायकोने पाहिलं. भाच्यानेही पाहिलं, आणि त्याच्या पाहण्यात नुसती विनंती नव्हती, आठवणही होती: संध्याकाळ, कमिशन, सोमवार. टेपबाईंना फक्त मान डोलवायची होती. तोंड उघडायचीही गरज नव्हती. एक मान डोलवली की गाळा वाचत होता. आणि आपण गेले वर्षभर याच कोचाजवळ अशाच उभ्या आहोत, किती जणांपुढे याने आपलं नाव घेतलं असेल कोण जाणे, हे त्यांना आत्ता कळलं. दाखवायला मांडलेल्या त्या प्लास्टिकच्या झाडांसारख्या.

त्यांनी कमरेच्या खिशातून शिवणाचा खडू काढला. उठून टेबलापाशी गेल्या, कागद आपल्याकडे ओढला आणि शेवटच्या दोन हिरव्या चौकोनांवर पांढऱ्या फुल्या मारल्या.

"आता बेरीज करा," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या.

"मावशी," भाचा म्हणाला.

"तू थांब. करा हो बेरीज. दहा महिन्यांचं भाडं दीड लाख. जाणार एक लाख चौऱ्याहत्तर, ते बाराही महिने जाणार. किती राहिले?"

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. "चोवीस हजार. कमी पडतात."

"दर वर्षी पडतील. ते कुठून आणायचे हे तुमच्याजवळ पक्कं असेल तर खुशाल सही करा, घर चांगलं आहे. माझ्याजवळ नव्हते. माझा फ्लॅट पाच महिने बंद आहे आणि सोमवारी माझं दुकान जातंय."

म्हाताऱ्याच्या बायकोने त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. टेपबाईंनी पिशवीतून कोट काढला, खुर्चीच्या पाठीला नीट लावला आणि म्हणाल्या, "बटण लागेल आता. पण आत काही उरलेलं नाही. पुन्हा सैल होणार नाही."

तो जिन्यापर्यंत मागे आला. "ते तुझेच हप्ते होते, मावशी," तो म्हणाला. आवाज रडवेला होता.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

रविवारी त्यांनी जाड कापडाचं मशीन विकलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या दप्तरं शिवणाऱ्याने सव्वीस हजार दिले, घेतलं होतं त्याच्या निम्मेही नाहीत. दोन माणसांनी ते उचललं तेव्हा फरशीवर चार पायांचे गंजाचे चार ठसे उमटलेले दिसले. सोमवारी बँक उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. पंचवीस हजार भरले, पावती घेतली, ती दोनदा वाचली. उरलेल्या हजारातून दुकानाच्या काचेवर लावायला एक मोठा कागद छापून घेतला: फ्लॅट भाड्याने देणे आहे, तेरा हजार. नवव्या दिवशी एक शिक्षिका येऊन किल्ली घेऊन गेली. इमारतीचा रेट पडला असेल तर पडला असेल.

दप्तरांचं काम गेलं ते गेलंच. आता त्या रोज दोन तास जास्त बसतात. भाडं कमी पडतं ते शर्टांतून काढतात, आणि दर महिन्याला थोडे पैसे पुढच्या रिकाम्या महिन्यांसाठी वेगळे ठेवतात. डोळ्यांचं पुढे बघू, असं म्हणतात. पण राग गेलेला नाही, आणि तो जावा असं त्यांना वाटतही नाही.

बहिणीचा फोन समारंभाच्या आठवड्यातच आला होता. टेपबाई गणवेशाची बाही जोडत होत्या. मशीन न थांबवता त्यांनी फोन खांदा आणि कानात धरला.

"तुला सांगितलं होतं मी, चारचौघांत बोलू नकोस म्हणून," बहीण म्हणाली. "त्या म्हाताऱ्याने बाहेर जाऊन आणखी दोघांना सांगितलं. त्यांनीही सह्या केल्या नाहीत. बक्षीस दुसऱ्याला गेलं. कोट तसाच पडलाय खुंटीवर. ताई, तू माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलास."

टेपबाईंनी बाही संपवली, दोरा दाताने तोडला आणि मगच बोलल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी फक्त दोन महिने खोडले."